ग्राफ आडवा करायले खलाशी

अरे, तुम्ही आज एक बटन दाबून ग्राफ आडवा करता, आमाले त्याच्यासाठी खलाशी लागले होते! हसू नका, खरं सांगून राहिलो.

भिलाईच्या प्लांटात आमच्या ऑफिसात पहिला कॉम्प्युटर आला, तवाची गोष्ट. त्या दिवशी मोठे साहेब तो पाहाले येणार होते. आमच्या बोंडे साहेबांची सारी नोकरी शॉप फ्लोअरवर, मशिनींत गेलेली. स्क्रीनवरचा ग्राफ पाहून ते म्हणाले, "हे खांब उभे कावून आहेत? आडवे कर."

मी म्हटलं, "साहेब, मेन्यूत ते कुठं आहे, सापडून नाही राहिलं."

"मग खलाशी बोलाव ना!"

प्लांटात काही जड फिरवायचं असलं की खलाशी, म्हणजे दोर लावून वजन हलवणारे गडी, बोलवायचे, हीच साहेबांची सवय. दोघं दोर घेऊन आले, त्यांनी हइशा म्हणत मॉनिटर कुशीवर झोपवला. खांब आडवे झाले, साहेब खूश. मी मान वाकडी करून अक्षरं वाचून राहिलो.

तेवढ्यात मले मेन्यूत ते सापडलं. आनंदात दाबलं, तर खांब पुन्हा उभे!

"तुले हात लावाले कोणं सांगितलं?" साहेब ओरडले. "बांधा रे दोर, फिरवा पुन्हा!"

खलाशांनी मॉनिटरले दोर बांधला आणि दारात मोठे साहेब! त्यांनी दोर पाहिला, खलाशी पाहिले आणि कपाळाले आठ्या घालून विचारलं,

"बोंडे, क्रेन क्यों नहीं मंगाई?"