साहेबांची सही

नाही, थांबा, जाऊ नका — दार लावलं ते तुम्हाला हाकलायला नाही, पुढच्या खोलीत आवाज जाऊ नये म्हणून. बसा त्या स्टुलावर. मटारचं पातेलं खाली सरकवा, सांडले तर सांडले. कुणाचं घर आहे माहीत नव्हतं म्हणता? पुढच्या फाटकावर एवढी मोठी पाटी आहे, हात जोडलेला फोटो आहे — हां, तुम्ही मागच्या गल्लीतून आलात, इकडे पाटी नाही. दारोदार सह्या मागत फिरताय आणि नेमक्या साहेबांच्याच स्वयंपाकघरात येऊन बसलात. अहो, चेहरा कशाला उतरवता, मी त्यांची बायको आहे, पोलीस नाही. द्या तो कागद. ‘एका माणसाला दोनदाच निवडून येता यावं, तिसऱ्यांदा उभंच राहता येऊ नये, असा कायदा करा.’ दोनदाच. हे पाच वेळा आलेत, आणि उद्या अकरा वाजता सहाव्यांदा फॉर्म भरायचाय. पेन आहे ना? आणा इकडे, मी करते सही.

थट्टा नाही करत गं — अगंतुगं करते, चालेल ना, माझ्या सुनेच्या वयाची आहेस. लोक चिडलेत ते मला कळत नाही असं वाटतं तुला? दुकानात मी शिरले की रांगेतल्या बायका गप्प होतात. परवा एक झाली नाही गप्प. मला ऐकू जाईल असं म्हणाली, मी पहिल्यांदा मत दिलं तेव्हा हाच माणूस, माझ्या लेकीला मताचा हक्क आला तरी हाच माणूस, आणि नळ तेव्हाही कोरडा, आताही कोरडा. मी साबण घेतला आणि निघाले. पण मनात आलं, बाई, मग देता कशाला मत? पाच वर्षं बोटं मोडायची आणि त्या दिवशी जाऊन पुन्हा त्याच चिन्हावर — काय म्हणालीस, दुसरं असतंच कोण उभं? तेही खरंच. उभे राहायला निघालेले कसे घरी बसतात ते मी पाहिलंय. या ओट्याशी चहा पिऊन, मान खाली घालून, माघार घेऊन गेलेत तीन जण. चहा मीच केला होता.

पहिल्या दोन खेपांना माणूस होता बघ. सायकलवरून फिरायचे. गटार तुंबलं की बाह्या दुमडून स्वतः उतरायचे, आणि मी ते कपडे धुताना शिव्या घालायची, पण तोंडदेखल्या, आतून अशी फुगलेली असायची की विचारू नकोस. तिसऱ्या वेळी गाडी आली आणि काच वर गेली, ती काही खाली आली नाही. मी म्हटलं होतं, आता पुरे, घरी या. तर म्हणाले, लोक सोडत नाहीत. लोक कुठले, भोवतीची ती दहा-बारा माणसं सोडत नाहीत — आणि त्यात आमचा मोठा, मुलगा माझा, तोच सगळ्यांत पुढे. तुमचा हा कायदा तेव्हा असता ना, तर मला हे पंधरा वर्षांपूर्वी परत मिळाले असते. पंधरा वर्षं गं. त्यातली तेरा शुद्धीतली.

शुद्धीतली म्हणजे — काही नाही, बोलण्याच्या ओघात आलं. तू हे लिहीत नाहीस ना कुठे? मग ते पेन खाली ठेव. ठेव. कुणाला सांगू नकोस, तुझ्या पाया पडते. ते विसरतात. चष्मा विसरणं वेगळं, हे तसलं नाही. दोन वर्षं झाली, एकदा अंघोळ करून बाहेर आले आणि मलाच विचारलं, आपण कुणाकडे उतरलोय. डॉक्टर म्हणाले हे वाढतच जाणार. मोठा म्हणाला, वाढू दे, लोकांसमोर नुसते हात तर जोडायचेत. आणि ते जोडतात. चार माणसं दिसली की हात आपोआप वर जातात. आज सकाळी मी चहा घेऊन गेले तर मलाच जोडले. विचारतात कसे, ‘ताई, तुमच्या गल्लीत काही अडचण?’ मला काय झालं कोण जाणे, मी म्हटलं, आहे हो, माझा नवरा बरेच दिवस घरी आलेला नाही. तर मान हलवली आणि म्हणाले, ‘अर्ज लिहून द्या, बघतो.’

रडत नाहीये मी. तू सांग, तू कशाला उन्हात फिरतेस या सह्यांसाठी, कुणी पाठवलंय तुला? — बहिणीसाठी. हं. कुठला दवाखाना? पाण्याच्या टाकीमागचा, पिवळ्या भिंतीचा, बाळंतपणाचा? तो बंद झाला, म्हणून तिला तुम्ही गावाबाहेरच्या मोठ्या दवाखान्यात नेत होतात, आणि गाडीतच — बाळ? आणि ती? ती आहे ना, बरी आहे ना? बोलत नाही कुणाशीच. अगं बाई. कसला कागद दाखवतेस? बंद करायच्या हुकुमाची झेरॉक्स. नको, मला नको दाखवूस. खाली सही आहे ती माहितेय मला. मला कसं माहीत म्हणजे काय, बायको आहे मी, सही ओळखणार नाही?

असं बघू नकोस माझ्याकडे.

पहिल्यांदा निवडून आले तेव्हा आभाराची चार हजार पत्रं पाठवली होती, दोघांनी शेजारी बसून सह्या केल्या, त्यांची सही मला हुबेहूब यायची, कुणाची कुठली ते आम्हालाही कळायचं नाही, हसून हसून पोट दुखायचं. तेव्हा गंमत होती ती. दोन वर्षांपूर्वी मोठ्याने फाइली इथे, या ओट्यावर आणून ठेवल्या. म्हणाला, आई, बाबांचा हात थरथरतो, तू कर, नुसती पोचपावती आहे. मग रोजच यायला लागल्या. वाचत होते का म्हणतेस — नाही गं वाचत. भाजी शिजत असते, अक्षर मुंगीएवढं असतं, पदराला हात पुसायचे आणि जिथे तो बोट ठेवेल तिथे करायची. दवाखान्याच्या फाइलीच्या वेळी मी विचारलं होतं, खरंच विचारलं होतं, तर म्हणाला नवा बांधायचाय, मोठा. मी मान डोलावली. ती सही ह्यांची नाही. माझी आहे. तुझ्या बहिणीचं ते — मी केलंय.

बस ना, उठू नकोस, अजून एक ऐक. उद्या फॉर्मवर त्यांनी स्वतः सही करायची आहे, अधिकाऱ्यासमोर, तिथे माझा हात चालणार नाही. महिनाभर वही घेऊन शिकवतेय मी. पहिली दोन अक्षरं यायची आणि मग रेघ ओढत कागदाच्या बाहेर जायचे. वाटायचं, नाहीच येऊ दे, सुटेल सगळं. नीट शिकवलं नसतं तरी चाललं असतं, कुणाला कळणार होतं? पण ते माझ्याकडे बघतात, ‘जमलं?’ विचारतात, आणि नाही म्हणवत नाही गं मला. काल जमली. पूर्ण, शेवटच्या वळणासकट. मोठ्याने त्यांना मिठी मारली. मी इथे येऊन तोंडात पदर कोंबून रडले. मला थांबवता येत नाही त्यांना, म्हणून कायदा पाहिजे.

काय म्हणतेस? कायद्याला वर्षं लागतील, मी आत्ता लिहून दिलं तर उद्याच थांबेल? सह्या माझ्या आहेत, एवढंच लिहायचं? मोठा अडकेल. मीही अडकेन, ते जाऊ दे, माझं काय राहिलंय. यांना घेऊन कुठेतरी जाईन — नाही जाता येणार, हो. पण घरी तरी राहतील. आण कोरा कागद. लिहिते. दवाखान्याच्या हुकुमावरची सही माझ्या पतीची नसून — ‘नसून’च लिहितात ना? — माझी आहे. तारीख घालू? घालते. आता खाली माझं नाव. माझी स्वतःची सही बघ, किती दिवसांनी करतेय, हात कसा अडतोय —

गाडी आली. मोठा आहे. तो सरळ इकडेच येतो. तो कागद दे. दे म्हणते ना, सोड, फाटेल — फाटू दे. तुझ्या बहिणीची शपथ नको घालूस मला. झेरॉक्स पिशवीत टाक, ऊठ.

हे बघा ताई, मघापासून सांगतेय तुम्हाला, आमच्या घरात कुणी कसल्याही कागदावर सही करत नाही. कुणी नाही रे, सह्या मागणाऱ्या आहेत, चालल्याच आहेत. या तुम्ही.