मामांना वगळलेला फोटो

फोटो शेवटी मामांसकटच छापला गेला. पण ते अजून घडलेलं नाही असं धरून चालू, कारण रांगेत मागे उभ्या शिक्षिकेने कान टवकारले तेव्हा पुढचे नवरा-बायको फोटो स्टुडिओवाल्या बाईंशी अजून हुज्जतच घालत होते.

“लग्नातला हा एकच फोटो आहे हो, ज्यात ही हसतेय. भिंतीवर मोठा लावायचाय. पण मधोमध हिचे मामा! म्हणून मोबाइलवर रोज थोडे थोडे पुसले.”

“आणि रोज सेव्ह केलं?”

“दोनशे दिवस! एक खाडा नाही.”

“अहो, दर सेव्हला फोटो पुन्हा दाबला जातो, बारकावे गळतात. बघा, वहिनींच्या चेहऱ्याच्या चौकोनी फरशा झाल्यात.”

“पण मामा नीट पुसलेत ना?”

“मिशीचा केससुद्धा मागे नाही! वीस वर्षांत असा हात पाहिला नाही मी.”

“चिकाटी आहेच ह्यांची,” बायको कौतुकाने म्हणाली. “माझं हसू गेलं ते सोडा.”

“मूळ फोटो कुणाकडे असेल?” स्टुडिओवाल्या बाईंनी विचारलं.

“…मामांकडे.”

शिक्षिकेने न मागता पेन पुढे केलं. नवऱ्याने काउंटरवरच लिहायला घेतलं:

“माननीय मामा, आपणाकडील मूळ फोटो त्वरित पाठवावा, तसेच त्यातून आपणास वगळण्यास आपली हरकत नसल्याचे लेखी द्यावे, ही नम्र विनंती.”