सूनबाईंचा निरोप

नाही हो काका, 'ले लो' नाही म्हणायचं — स्पॅनिशमध्ये ते दोघं शेजारी नांदत नाहीत, एका म्यानात दोन तलवारी — म्हणून 'ले'चं 'से' होतं. 'से लो दोय', त्याला ते देते. आणि मुलगी स्वतःचे हात धुते तेव्हाही 'से'च, 'से' म्हणजे स्वतः आधी, 'लास' म्हणजे हात मागून — 'से लास लावा'. म्हणा. वा! आता नातीशी फाडफाड बोलाल, माझी गरजच — दार वाजलं का? नाही? मला वाटलं वाजलं.

तुम्ही करा बरं एक वाक्य. फोन कशाला काढताय? सूनबाईंचा निरोप? तो जुना झाला, अर्थ सांगितला होता की मी — सगळे मजेत, तुमच्या मुलाला बढती मिळाली, काम फार म्हणून तो फोनवर येत नाही. परत कशाला लावायचा — अहो, बंद करा ना! हो, ऐकलं. 'नो से लो दिगास.' बरोबर ओळखलंत, 'से' म्हणजे त्याला, 'लो' म्हणजे ते — त्याला ते सांगू नकोस. कोणाला? आता ते कोणीही असेल, शेजारी, दूधवाला — असं बघू नका ना माझ्याकडे.

मी काय करणार होते? तुम्ही ऑपरेशन होऊन नुकते घरी आलेले, समोर बसून माझ्या तोंडाकडे बघताय, आणि फोनमधून ती रडत — म्हणजे आवाज जरा जड — रडतच होती. तिला मराठी येत नाही, आधी मीच ऐकणार हे तिला ठाऊक, म्हणून मलाच विनवलं तिने. पण बढती तिने नव्हती सांगितली. ती माझीच. एवढा लांबलचक निरोप, त्याचा अर्थ नुसता 'मजेत' कसा सांगायचा? मग तुम्ही जिन्यात दिसेल त्याला थांबवून सांगत सुटलात, मला चॉकलेट दिलंत — ते मी खाल्लंसुद्धा. पुढे दर निरोपाला त्याच्या नव्या ऑफिसात मीच खुर्ची मांडली, खिडकी बसवली, खिडकीत झाड ठेवलं, आणि तिकडे तो घर सोडून —

निघालंच तोंडून. सोडून गेलाय काका, दोघींना. पाणी देऊ? तुमची गोळी कुठेय? तुम्ही दचकलासुद्धा नाहीत — दचकले मीच. म्हणजे कळलं होतं? कधीपासून? आणि तरी रोज एवढा जिना चढून येताय, माझ्या थापा ऐकताय, वर 'छान, छान' म्हणताय? अहो, ओरडा तरी माझ्यावर!

काय? 'तिला माझ्याकडे घेऊन ये' — नातीला आण, असं सुनेला सांगायचंय? ते एकाच शब्दात येतं, 'त्राएमेला'. आण, मला, तिला, सगळं चिकटून. आणि 'तूही ये' म्हणजे 'तू ताम्बिएन वेन'. द्या फोन, मी नीट सांगते, तुमचे उच्चार अजून — नको? बरं. तुम्हीच बोला. बटण दाबलंत ना? मग रेकॉर्डिंग चालू झालंय — नाही, मी नाही मध्ये बोल—