बत्ताशांएवढे दिवे

(जानेफळ. महाराष्ट्र राज्य होऊन तीन-चार वर्षं झाली आहेत. लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ. ओसरीवर मनकर्णाबाई, नांदुऱ्याहून सणाला आलेला मुलगा मोतीराम आणि पाच महिन्यांचं बाळ घेऊन माहेरी आलेली कोकिळा.)

मनकर्णाबाई : अन् पायली काऊन पालथी घातली बे? आजच्या दिवशी माप पालथं घालते का कोनी?

मोतीराम : माह्यापाशी तीन पायांची घोडी नाई ना, माय. पायलीवर कॅमेरा ठेवला म्हणजे हालत नाई. अंधारातल्या फोटोले जरासाही धक्का खपत नाई.

मनकर्णाबाई : पणत्यांच्या उजेडात काय दिसनार, कप्पाळ!

मोतीराम : दिसते ना. हा पाह्य, मागच्या रिळातला.

मनकर्णाबाई : हे काय? बत्ताशे मांडले का?

मोतीराम : दिवे आहेत ते, तुळशीजवळचे! कॅमेऱ्याचा डोळा पुरा उघडला अन् नजर जवळच्या एका पणतीवर धरली. तेवढी पणती साफ आली, अन् मागचे दिवे फुगून असे गोल झाले. चार बोटं जागा काय ती साफ येते. तिच्या अलीकडे-पलीकडे सारं धुकं. तेच जमवून पाहून राह्यलो मी.

कोकिळा : म्हणून तर दादाला म्हटलं, बाळाचा असा एक काढ. तू नुसतं त्याला मांडीवर घेऊन बस, आई.

मनकर्णाबाई : आई म्हनते! अमरावतीच्या कॉलेजात गेली अन् मायची आई करून आली. लेकराचं जावळ नाई काढलं अजून, अन् फोटो कायचा?

कोकिळा : तीट लावलीय गालाला. हवी तर दुसऱ्या गालालाही लावते.

मनकर्णाबाई : मंग तूच घे. लेकरू तुहं आहे.

कोकिळा : माझ्याकडे आलं की जागं होतं. तुझ्याजवळ बघ कसं मुटकुळं करून झोपतं.

मनकर्णाबाई : हाव, ते मात्र खरं. आन इकडे. पन मोतीराम, पोरालेच साफ काढजो. मी त्या धुक्यातच बरी.

मोतीराम : हाव, हाव. जराशी पुढे सरक. कोकिळे, ह्या दोरीचं टोक धर.

मनकर्णाबाई : दोरी कायले?

मोतीराम : अंतर मोजाले. अंधारात काचेतून काही उमगत नाई. दोरी लावाची, विती मोजायच्या, अन् तेवढ्यावर हे चाक फिरवाचं. बोटभर चुकलं का फोटो गेला.

मनकर्णाबाई : पोरगं इथं मांडीवर आहे. दोरी माह्या नाकापाशी काऊन आनली वं?

कोकिळा : अं... पणतीचा उजेड डोळ्यांवर आला. दिसलं नाही.

मनकर्णाबाई : भावाले डोळा मारलेला मले दिसला. तुले मी वाढवलं हाय, तू मले नाई.

मोतीराम : माह्याकडे नको पाहू, माय. सारी हिचीच अक्कल.

मनकर्णाबाई : म्हनजे माहा फोटो पाह्यजे तुले. काऊन? भिंतीवर बापाच्या फोटोच्या बाजूची जागा रिकामी दिसून राह्यली का?

कोकिळा : सणासुदीचं काय बोलतेस गं!

मनकर्णाबाई : मंग कसं बोलू? ह्या घरात फोटोवाला एकदाच आला, तुहा बाप गेला त्या दिवशी. तुह्या बापाची आंघोळ झाली, फेटा बांधला, खुर्चीत बसवलं. मान टिकत नव्हती, तर तुह्या उकंडराव काकानं मागून हात लावला. तईपासून त्या काळ्या डब्यापुढे मी बसली नाई.

मोतीराम : राहू दे, कोकिळे. पोराचाच काढतो.

कोकिळा : थांब, दादा. माय, ऐक तरी. तोच फोटो येतो माझ्या डोळ्यांपुढे. बाबांना आठवायला जावं, तर तो फेटा नि ती खुर्ची. ते हसायचे कसे तेच आठवत नाही. बाळाला आजोबांची गोष्ट सांगावी म्हणते, तर मलाच त्यांचा चेहरा सापडत नाही.

मनकर्णाबाई : लहान होती तू.

कोकिळा : आता लहान नाही ना. भाऊबीज झाली की चांद्याला जायचं. यांना पुन्हा सुटी कधी मिळेल, देव जाणे. आणि तू बघ कशी झालीस. खांद्याची हाडं वर आलीत. उंबरा चढताना भिंतीला हात लावतेस. मला सगळं दिसतं.

मनकर्णाबाई : तुले काय, लेकरू शिंकलं तरी निमोनिया दिसते.

कोकिळा : दिसतो. काय करू? उद्या तुझाही चेहरा मला खुर्चीतलाच आठवला तर?

मनकर्णाबाई : ... तुहा बाप हसे ना, तर आवाज नाई येत होता त्याचा. नुसते खांदे हालत.

कोकिळा : खांदे?

मनकर्णाबाई : एकदा खळ्यावर ज्वारीची रास लागली होती. मी डोक्यावर पाटी घेऊन चालली, अन् तांबड्या गोऱ्ह्यानं माहा पदर धरला तोंडात. मी ओढून राह्यली, ते ओढून राह्यलं. हा मानूस काही सोडवाले येईना! राशीवर बसून नुसते खांदे हालवते, अन् डोळ्यांतून पानी. लय राग आला मले. बोललीच नाई मी त्याच्याशी.

मोतीराम : हे तू आम्हाले कधी सांगितलं नाई, माय.

मनकर्णाबाई : विचारलं कोनी? फोटोले हार घालाले सारे पुढे.

कोकिळा : हलायचे, खरंच हलायचे. मी खांद्यावर बसलेली असायची आणि खालून सगळं हलायचं. मला वाटायचं, पडतेच आता. कान धरायची मी त्यांचे.

मनकर्णाबाई : अन् केस उपटे, ते नाई सांगत! ... चाल, मोतीराम. लाव तुही दोरी. पन मी देवासारखी ताठ बसनार नाई. पोराच्या डोक्याले गाल टेकवते, म्हनजे दोघंही आलो त्या चार बोटांत.

मोतीराम : बराबर! अशीच राह्य. पदर नको सावरू. आता मी ‘झालं’ म्हणेपर्यंत हालाचं नाई, बोलाचं नाई. उघडला हं.

मनकर्णाबाई : अन् मंग मले मनवाले त्यानं काय केलं, माहीत हाय का...

मोतीराम : माय! बोलली ना तू! सारं तोंड पुसट येईल आता. बस पुन्हा, दुसरा काढतो.

कोकिळा : राहू दे, दादा. सांग ना माय, काय केलं बाबांनी?