चुलीतलां माजर

(सुशीला मिठबावला घरी. तिचा नवरा गुरुदास गोव्याच्या इस्पितळात. त्याच्यासमोर फोन धरून नर्स अक्षया.)

अक्षया : आजी, फोन कानाला लावू नका. आजोबांना नुसता कानच दिसतोय.

सुशीला : कान तरी वळाखलो मां?

अक्षया : ओळखला. हसले थोडे. समोर धरा... अजून लांब. हां.

सुशीला : तोंड वाकडांच आसा गो अजून.

अक्षया : लकव्यानंतर वेळ लागतो. गिळता येतंय त्यांना, डॉक्टरांनी तपासलंय. पण दोन दिवस तोंडच उघडत नाहीत. आता खाल्लं नाही, तर संध्याकाळी नाकातून नळी घालावी लागेल. म्हणून आज व्हिडिओ कॉल लावला. तुमचं ऐकतील.

सुशीला : आयकलास? त्या बायच्या हातची पेज खावा. नळी घालून घेव नकात.

गुरुदास : तू... जेवलंस?

सुशीला : जेवलंय तर. भात नि सुक्या बांगड्याची कढी.

अक्षया : बघा, आजी जेवल्या. आता तुम्ही. आ करा... मान फिरवली.

सुशीला : रोज फोनवर ह्यांच इचारतत. मी ह्यांच सांगतंय.

गुरुदास : माजर.

अक्षया : काय, आजोबा?

गुरुदास : चुलीत... माजर.

अक्षया : खरंच की. आजी, तुमच्या मागे चुलीत मांजर झोपलंय. राखेत, ऐसपैस.

सुशीला : मेल्या माजराक आजच थंय निजाचां सुचलां.

अक्षया : चूल कधीपासून पेटली नाही?

सुशीला : एकटीसाठी काय पेटवची गो बाय? शेजारची सृष्टी चाय देता. बिस्कुटां आसत. पन्नास वर्सां ह्येंका वाढून जेवलंय. आता घास गळ्याखाली उतरना नाय.

अक्षया : इथेही तेच चाललंय.

गुरुदास : पेटव.

सुशीला : आता? दोन वाजले.

गुरुदास : पेटव गो.

अक्षया : पेटवा, आजी. फोन डब्याला टेकवून ठेवा, चूल दिसेल असा.

सुशीला : तुका दुसरी कामां असतली.

अक्षया : आहेत. फोन इथेही टेकवून ठेवते, येऊन-जाऊन बघते.

सुशीला : उठ रे माजरा, शू. माडाची चुडतां ओली आसत, धूर होतलो. दिसता काय तुमका?

गुरुदास : धूर... दिसता.

अक्षया : मग आता एक चमचा? गार होतेय पेज.

गुरुदास : होवंदे. तिची शिजांदे. मगे... दोगांय वांगडा जेवया.