टँकर न्हाई, सराव हाय
अहो, माझ्या मॅरेथॉनचं कौतुक करताय, पण सरावात काय झालं ते ऐका. त्या साली दुष्काळ होता आणि चौसाळ्याजवळच्या आमच्या गावाला टँकरचंच पाणी. पहाटे माझे वडील, अण्णा, सायकलला कॅन अडकवून सोसायटीच्या डेअरीवर दूध घालायला निघायचे, मी बाजूनं पळायची. एकदा त्यांना जोर चढला.

"चल, बघू कोन म्होरं जातंय!"

त्यांनी सायकल हाणली, मीही सुटले. कॅन घेऊन सुसाट निघालेला बाप आणि मागं पळणारी पोरगी बघून लोकांना वाटलं, टँकर आला! डेअरीपाशी वळून बघतो तर हंडे-घागरी घेऊन अर्धं गाव मागं. सगळ्यात पुढं आमची आईच.

"कुठाय टँकर?"

"टँकर न्हाई, पोरीचा सराव हाय," अण्णा म्हणाले.

"मंग सांगून पळावं न्हाई का मानसानं!"

दुसऱ्या दिवसापासून अण्णा घंटी वाजवत, "टँकर न्हाई, टँकर न्हाई!" असं ओरडतच निघायचे.

शर्यतीत शेवटी शेवटी माझे पाय उचलेनात. आता खाली बसणार, तेवढ्यात गर्दीतून अण्णा ओरडले,

"पळ गं पोरी, टँकर आलाय!"