दोन गावांचा सुबेदार

माजं नाव मोरेश्वर, पन गावात सगळे मना सुबेदारच बोलतात. गाव दातिवऱ्याकडचं, किनाऱ्यावरचं, नाव नका लिवू ताई, न ज्याच्याशी भांडन जालं त्या दुसऱ्या गावाचं तर नकोच नको, कारन आज ठीक चाललंय, उद्याचं कोन सांगावं. बाप तांडेल व्हता, होडी चालवायचा. मी थोरला, हिराजी धाकटा. त्याला दर्या आवडायचा, माज्या पोटात ढवळायचं, म्हनून मी फौजेत गेलो. हसू नका, खरं सांगतो. बर्फात राह्यलो, गोळीबार बगितला, माजी मानसं घेऊन वर चढलो न सगळी घेऊन खाली आलो. पेन्शनीत आल्यावर बोईसरला एका कंपनीत सिक्युरिटीचं काम धरलं, तिकडं दिवसभर हिंदी, बायको बोलायची, आता घरात पन हिंदीत हुकूम सोडता काय.

तर भांडन. दर्याच्या तळाला लाकडाचे खांब ठोकतात न त्याला जाळं बांधतात, त्या जागेला आमी कव बोलतो. ज्याची कव त्याची मासळी. त्या गावाचे खांब आमच्या हद्दीत सरकले असं आमचं म्हननं, ते बोलायचे, दर्यावर हद्द काय तुमच्या बापानं आखली? एक दिवस भर दुपारी होड्या होड्यांना भिडल्या, दगड न बांबू, दोन्हीकडची डोकी फुटली, न त्यात हिराजी पान्यात पडला तो दोन होड्यांच्या मधे. काय सांगू तुमाला. मी ड्युटीवर व्हतो, फोन आला, तसाच कंपनीच्या कपड्यात निगालो. कोनी ढकलला, का तोल गेला, कोनाला सांगता येत नाय, केस चालूच हाय. तेव्हापासून बोईसरला परत गेलो नाय.

तेराव्याला सगळे आंगनात बसलेले, न बोलले, सुबेदार, आता तुमी आमचे कमांडर, कदी निगायचं ते सांगा. हिराजीची बायको जना आतल्या दारात उभी व्हती. मी बोललो, थांबा. थांबा थांबा करत पावसाळा काडला.

न पावसाळा सरल्यावर बगतो तर आमच्या भांडनाच्या भीतीनं दोन्ही गावं लांब जायनात, न त्या मोकळ्या दर्यात बाहेरचे मोठे ट्रॉलर आलेले. खांबासकट जाळी ओढून नेतात ते, आमची पन न त्यांची पन. मना कळलं, एकटं गाव ह्यांच्यासमोर टिकनार नाय. मी त्या गावच्या काशिनाथ तांडेलाला फोन लावला. तो बोलला, पालघरला या, तिथं तुमचं कोन नाय न आमचं पन कोन नाय.

स्टेशनाबाहेरच्या हॉटेलात बसलो. मी एकटा, तो एकटा, पन बाहेर त्याची चार मानसं पानाच्या टपरीपाशी उभी, न माज्या मागोमाग माज्या गावची दोघं आलेली, मना न इचारता. चहा आला, तो पिईना, मी पिईना, साय धरली. शेवटी मीच पयला घोट घेतला. ठरलं काय, तर प्रत्येक होडीवर दोन मानसं दुसऱ्या गावची घ्यायची. आपलीच मानसं बसलेल्या होडीवर कोन दगड मारील?

गावात आलो तर कोनी नीट बोलेना. भावाचं रगत इकून आला, असं माज्या पाठी बोलले. बायको बाजारात गेली तर मासळीवाल्या बाया सरकून बसायच्या. जना तर माज्याशी बोलायचीच बंद जाली, ताट सरकवायची न आत जायची. मना झोप नाय. दाराला कदी कडी न लावनारी आमची मानसं, मी दिवसाढवळ्या लावायला लागलो. फौजेत दुश्मन समोर असतो हो, इथं शेजारी खोकला तरी उठून कडी बगायचो.

तरी होड्या जायला लागल्या. मंग तो दिवस. काशिनाथ न त्याचा मेव्हना माज्या घरी आलेले, खांब कुटं ठोकायचे ते बोलायला. सकाळचं ऊन, आमी ओटीवर. न किनाऱ्याकडून आरडाओरडा आला, आपली जाळी कापली, त्यांनी कापली. बगता बगता आंगन भरलं. हातात कोयते, वल्ही. माज्याच चुलत्याची पोरं व्हती ती, मांडीवर खेळवलेली. मी त्या दोघांना माजघरात ढकललं न दारात उभा राह्यलो. बोललो, आदी मना. तर एक जन बोलला, सुबेदार, तुमाला पन. मी दोन्ही हातांनी चौकट धरली.

तेवड्यात मागून जना आली. मना बाजूला केलं, हातानं, जशी वाटेतली पाटी सरकवतात तशी, न उंबऱ्यावर उभी राह्यली. बोलली, ह्या आतल्या दोघांना मारायचा पयला हक्क माजा. मी अजून मारलं नाय. तर तुमी कोन?

तिच्या मागं काशिनाथ, त्याला पन ऐकू गेलं. मंग एकानं कोयता खाली केला, मंग दुसऱ्यानं. दुपारी बाकीच्या होड्या आल्या तेव्हा कळलं, जाळ्यांवरून ट्रॉलर गेलेला, काशिनाथच्या गावची जाळी पन फाटलेली. पन ते नंतर. त्या घडीला कोनालाच ठाऊक नव्हतं, तिला पन नाय.

जाताना काशिनाथनं तिला हात जोडले. तिनं तोंड फिरवलं. पानी पन दिलं नाय.

आता बगा, दोन्ही गावांच्या होड्या एकत्र जातात, ट्रॉलर दिसला तर सगळ्या मिळून त्याच्या आडव्या होतात, बरेचदा तो वळतो. पन इस्वास? तो नाय अजून. एकादी होडी उशिरा आली का दोन्ही किनाऱ्यांवर लोक आदी एकमेकांची नावं घेतात, मंग दर्याचं. काशिनाथचा फोन वाजला का आजपन माज्या हातातला घास खाली पडतो.

परवा वारा सुटला, कौलं उडाली. आमच्या होड्या दुपारीच आल्या. मी ओटीवर बसलेलो. जना आतून बाहेर आली न इतक्या दिसांनी माज्याशी बोलली. बोलली, दादा, त्यांच्या आल्या काय?

मी फोन लावला, लागेना. परत लावला. ती तिथंच उभी राह्यली, लागेपर्यंत.

आल्या व्हत्या, सगळ्या. दर्यानं असंच राखावं, त्यांना पन न आमाला पन. दुसरं काय मागू, ताई.